घरातले एफएम केंद्र: हौस, कायदा आणि आपल्या मंडळापुढचा रस्ता

गेल्या काही महिन्यांत आपल्या सभासदांच्या बोलण्यात एक कल्पना वारंवार येते आहे. मंडळाच्या गच्चीवर एक छोटा एफएम ट्रान्समीटर बसवावा आणि सकाळ-संध्याकाळ तासभर मराठी कार्यक्रम लावावेत. जुन्या व्याख्यानमालांची ध्वनिमुद्रणे आपल्याकडे आहेत. बोलायला उत्सुक ज्येष्ठ मंडळी आहेत, यंत्राची आवड असलेली तरुण मुलेही आहेत. बाजारात असे यंत्र काही हजारांत मिळते. मग अडचण कुठे आहे, असे विचारले जाते.

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांतले अनेक आजी-आजोबा स्मार्टफोनशी झगडून थकले आहेत, पण रेडिओचे बटण त्यांना अजून हाताला ओळखीचे वाटते. आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे अनेक प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले. खाजगी एफएम वाहिन्या ज्या भाषेत जाहिराती मिळतात त्या भाषेत बोलतात. हैदराबादेत ती भाषा मराठी असण्याची शक्यता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना त्यातून चालना मिळेल, असे सांगण्यात आले. त्या त्या शहराच्या मुख्य भाषेला तसा फायदा होईलही. परराज्यात तीन-चार पिढ्या राहिलेल्या भाषिक समाजाच्या वाट्याला त्यातून काही येईल, असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हा विषय हौसेचा म्हणून बाजूला न सारता नीट तपासावा, असे आम्हाला वाटले.

हैदराबादचा रेडिओ घरातूनच सुरू झाला

आपल्या शहराच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हैदराबादचे पहिले रेडिओ केंद्र सरकारने उभारलेले नव्हते. टपाल आणि तार खात्यात काम करणाऱ्या महबूब अली यांनी चिराग अली लेनमधल्या आपल्या घरातून २०० वॅटच्या प्रक्षेपकावर ते सुरू केले. १९३५ मध्ये निझाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि 'दक्कन रेडिओ' हे सरकारी केंद्र झाले. संस्थानच्या चार भाषा म्हणजे उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड. या चारही भाषांतले कार्यक्रम त्यावरून होत. १९५० मध्ये आकाशवाणीने ते आपल्याकडे घेतले.

म्हणजे या शहरात मराठी आवाज रेडिओवर होता, आणि त्याची सुरुवात एका हौशी माणसाच्या घरातून झाली होती. त्याच गोष्टीचा दुसरा भागही पाहायला हवा. एकाचे घरगुती केंद्र दोन-तीन वर्षांतच सरकारच्या हाती गेले. लहरींवर सरकारची पकड तेव्हापासून आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही ती सैल झाली नाही.

परवानगीवाचून केलेल्या प्रक्षेपणाला आपल्याकडे एक वेगळे तेज आहे, हेही मान्य करायला हवे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध प्रक्षेपण केले. 'तेव्हा चालले, मग आता का नको?' असे कोणी गमतीने म्हणते. त्या लोकांनी परकी सत्तेचा कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली. आपल्याला भावगीते आणि व्याख्याने ऐकवायची आहेत. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात रेडिओ प्रक्षेपणावर १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा अशा दोन जुन्या कायद्यांचा अंमल होता. दुसऱ्या कायद्यानुसार परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा होता. ऐकायच्या साध्या रेडिओलाही एके काळी परवाना लागे. टपाल कार्यालयात जाऊन वर्षाचे शुल्क भरल्याचे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. आता या दोन्हींच्या जागी दूरसंचार कायदा, २०२३ आला आहे आणि त्याची कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातल्या कलम ४२ नुसार अधिकृत परवानगीवाचून दूरसंचार जाळे उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मंडळासारख्या नोंदणीकृत संस्थेने हे केले, तर जबाबदारी कोणा एका हौशी मुलावर न राहता कार्यकारिणीच्या पदाधिकाऱ्यांवर येईल.

'पण आमचा ट्रान्समीटर एकच वॅटचा आहे', हे उत्तर वारंवार ऐकू येते. भारतीय कायद्यात 'लहान असेल तर चालेल' अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीच्या एफएम केंद्राची सूटच नाही. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात राघव महतो यांनी विजेच्या दुरुस्तीच्या दुकानातून 'राघव एफएम' चालवले होते. यंत्राचा खर्च सुमारे ५० रुपये होता. गाणी, हरवलेल्या माणसांच्या सूचना आणि आरोग्याची माहिती त्यावरून लागे, आणि आसपासची गावे ते आवडीने ऐकत. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत कौतुक झाले, आणि मार्च २००६ मध्ये परवाना नसल्याने ते बंद करण्यात आले. लोकांचे प्रेम, चांगला हेतू, नगण्य खर्च, यातले काहीही कायद्यापुढे उपयोगी पडले नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेली माहितीही इथे लागू होत नाही. अमेरिकेत तीन मीटर अंतरावर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर या मर्यादेच्या आत राहिले, तर घरगुती एफएम यंत्राला परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या डिसेंबरपासून ५० नॅनोवॅटपर्यंतच्या यंत्रांना मुभा आहे. या दोन्ही सवलतींचा पल्ला मोबाइलमधले गाणे गाडीच्या किंवा खोलीतल्या रेडिओवर ऐकण्याइतकाच आहे. ५० नॅनोवॅट आणि एक वॅट यांत दोन कोटी पटींचा फरक आहे. गच्चीवरच्या अँटेनाला जोडलेला एक वॅट मोकळ्या जागेत सहज एखाद-दोन किलोमीटर जातो. तो त्या देशांतही बेकायदाच ठरेल.

ऑनलाइन दुकानात वस्तू मिळते म्हणजे ती वापरायला मोकळी आहे, हाही गैरसमज आहे. वॉकीटॉकीसारख्या बिनतारी यंत्रांची परवान्याच्या माहितीविना सर्रास विक्री होत असल्याचे दिसल्यावर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. विक्रेत्याने 'लायसन्सची गरज नाही' असे लिहिले असले, तरी चौकशी झाली की कागद दाखवावे लागतील ते वापरणाऱ्यालाच.

इतकी कडक नजर कशासाठी

यामागे केवळ सरकारी संशय आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एक तांत्रिक कारण खरोखरच वजनदार आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. धावपट्टीची मधली रेषा वैमानिकाला दाखवणारी उपकरणे १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये काम करतात. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ११८ च्या पुढे चालते. चांगल्या प्रक्षेपकात गाळणी बसवलेली असते, त्यामुळे तो ठरलेल्या जागीच बोलतो. स्वस्त यंत्रात ती नसते किंवा नावापुरती असते. मग ते ९५ वर लावले तरी आजूबाजूला भलतीकडे कुजबुजत राहते, आणि घरातल्या रेडिओवर आवाज स्वच्छ येत असल्याने चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या शहराभोवती शमशाबाद आहे, बेगमपेट आहे, हकीमपेट आणि दुंडिगलचे हवाई दलाचे तळ आहेत. अशा जागी अंदाजाने यंत्र चालवणे हा पोरखेळ नाही.

कायदेशीर वाट: सामुदायिक रेडिओ

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात निकाल दिला की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी जनतेच्या असतील तर त्या फक्त सरकारने किंवा फक्त पैसेवाल्यांनी वापराव्यात, हे टिकणार नव्हते. तरी धोरण हळूहळूच आले. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना. आज देशात पाचशेच्या आसपास सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. साताऱ्याच्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यांतलीच.

अटी थोडक्यात अशा. अर्ज व्यक्तीला करता येत नाही, संस्थेलाच करता येतो. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, राजकीय पक्षाशी संलग्न नसावी आणि तिच्या सामाजिक कामाला किमान तीन वर्षे झालेली असावीत. प्रक्षेपणाची परिणामकारक शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून १५ ते ३० मीटर असावी लागते. यातून पाच ते दहा किलोमीटरचा परिसर व्यापला जातो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी परवान्याची पहिली मुदत दहा वर्षांची केली, तासाला जाहिरातींची मर्यादा ७ वरून १२ मिनिटांवर नेली, आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी अट घातली.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा असतो. इतर मंत्रालयांची संमती, इरादापत्र, दूरसंचार विभागाकडून लहर आणि जागेची मंजुरी, सरकारशी करार आणि शेवटी चालवण्याचा परवाना, असा प्रवास आहे. यंत्रे, स्टुडिओ आणि पर्यायी वीज मिळून खर्च काही लाखांत जातो. सरकारची साहाय्य योजना आहे, पण महिन्याचा खर्च आणि दररोज कार्यक्रम तयार करणारी माणसे संस्थेलाच उभी करावी लागतात. आमच्या मते पैशापेक्षा दुसरी गोष्ट कठीण आहे. रोजचे चार तास भरायचे म्हणजे वर्षाला सुमारे दीड हजार तास. आपली वार्षिक व्याख्यानमाला त्यातले जेमतेम दहा-बारा तास भरेल.

खरी अडचण: समुदाय म्हणजे कोण?

कागदपत्रे जमतील आणि पैसेही जमतील, असे गृहीत धरू. तरीही एक प्रश्न उरतो, आणि आपल्यासारख्या सर्वच मंडळांसाठी तो सगळ्यांत मोठा आहे. सामुदायिक रेडिओच्या धोरणात 'समुदाय' भूगोलाने ठरतो. एका वर्तुळात राहणारी माणसे, त्यांचे पाणी, शेती, शाळा, दवाखाना, हे त्याचे विषय. म्हसवडला ते बरोबर बसते, कारण वर्तुळातली बहुतेक माणसे एकाच बोलीत बोलतात. आपण भाषेने एक आहोत, पत्त्याने नाही. काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या वस्त्यांतली घरे आता कुकटपल्ली, मियापूर आणि त्याही पलीकडे विखुरली आहेत. काचीगुड्यात मनोरा उभारला, तर कुकटपल्लीतल्या आजींच्या रेडिओवर खरखरच येईल. आणि वर्तुळाच्या आत जे ऐकतील, त्यांतले बहुसंख्य तेलुगू आणि उर्दू बोलणारे शेजारी असतील. त्यांना वगळून केवळ मराठीत चालणारे केंद्र धोरणात बसत नाही. आमच्या मते ते शेजारधर्मातही बसत नाही. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या मंडळांचीही गत फारशी वेगळी नसेल.

धोरणावर आमचा आक्षेप इथे आहे. परवानगी एकतर १०० वॅटच्या पूर्ण वेळ केंद्राला मिळते, नाहीतर मिळतच नाही. मधली पायरी नाही. ब्रिटनमध्ये उत्सव, मेळा किंवा धार्मिक पर्वासाठी साधारण २८ दिवसांपर्यंतचा अल्पकालीन, मर्यादित क्षेत्राचा परवाना मिळतो. तपासलेले यंत्र, नेमून दिलेली लहर, ठरलेली तारीख, आणि मुदत संपली की बंद. आपल्याकडे गणेशोत्सवाचे दहा दिवस, एखादी जत्रा किंवा साहित्य संमेलनाचे तीन दिवस, यासाठी असा परवाना निघाला, तर विमानांनाही धोका नाही आणि लोकांची हौसही कायद्यात राहील. ही मागणी मंडळांनी एकत्र येऊन मंत्रालयाकडे लेखी करावी. एकट्या मराठी मंडळांनीच नव्हे, पुण्यामुंबईतल्या तेलुगू आणि कन्नड संघांनीही, कारण अडचण त्यांचीही तीच आहे.

मग आज काय करता येईल

आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, जहीराबादजवळ माचनूर गावात 'संगम रेडिओ' आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे हे केंद्र दलित समाजातल्या स्त्रिया चालवतात. १५ ऑक्टोबर २००८ ला ते लहरींवर आले. पण त्यांनी काम त्या दिवशी सुरू केले नव्हते. परवाना नसतानाच्या जवळपास दहा वर्षांत त्या बाया पेरणी, बी-बियाणे, गाणी, औषधी वनस्पती यांवर ध्वनिमुद्रण करत राहिल्या आणि कॅसेट गावोगावच्या गटांत वाजवत राहिल्या. परवाना आला, तेव्हा त्यांच्याकडे सांगायला भरपूर होते. कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटे इथल्या 'नम्म ध्वनी'ने लहर मिळेना म्हणून केबलच्या तारेवरून घरोघर आवाज पोचवला. आपल्याला शिकण्यासारखे इथेच आहे. लहर ही शेवटची पायरी आहे. आधी आवाज जमवायचा असतो.

म्हणून आम्हाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मंडळातल्या ऐंशीपुढच्या सभासदांचे ध्वनिमुद्रण आत्ताच सुरू करावे. निझामी राजवटीतले मराठी घर, पोलीस कारवाईचे दिवस, शाळा, सणवार आणि हैदराबादी मराठीचे खास शब्द हे सगळे त्यांच्या आवाजात जपून ठेवता येईल. साधा मोबाइल आणि शांत खोली एवढ्यावर भागते. दुसरी, शहरात आधीच चालू असलेल्या केंद्रांशी बोलावे. हैदराबाद विद्यापीठाचे 'बोल हैदराबाद' हे ९०.४ वरचे केंद्र आहे, इतर संस्थांचीही आहेत. निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून करण्याचे बंधन त्यांच्यावरही आहे, म्हणजे आठवड्याला अर्धा तास तयार मराठी कार्यक्रम देणारे मंडळ त्यांना जड वाटू नये. तिसरी, इंटरनेटवर ध्वनिमालिका चालवावी. त्यासाठी लहरीचा परवाना लागत नाही आणि ती कुकटपल्लीतही ऐकू येते, कॅलिफोर्नियातही. आजी-आजोबांसाठी एक स्वस्त ब्लूटूथ स्पीकर घेऊन नातवाने रोज ठरल्या वेळी तो लावून दिला, की त्यांच्या दृष्टीने तो रेडिओच.

इंटरनेटवर एक पथ्य मात्र पाळावे लागेल. रेडिओ केंद्रांना गाण्यांसाठी कायद्याने ठरलेल्या दराचा मार्ग आहे. इंटरनेटला तो लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. त्यामुळे तबकड्या सरळ वाजवता येणार नाहीत. लेखक-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये, म्हणजे 'गीतरामायण' परवानगीवाचून नाही. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचे अभिवाचनही विचारल्याशिवाय नाही. पण किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटके केव्हाच मुक्त झाली आहेत. 'मानापमान'ची पदे गोविंदराव टेंबे यांच्या आणि 'स्वयंवर'ची भास्करबुवा बखले यांच्या चालींत आपल्या मुलांनी म्हटली, तर कोणाची परवानगी लागणार नाही. दुसऱ्याची तबकडी लावण्यापेक्षा आपल्या पोरांचा थोडा कच्चा आवाज ऐकणे सभासदांना अधिक आवडेल, असा आमचा अंदाज आहे.

गच्चीवरच्या ट्रान्समीटरला आमचे उत्तर 'नको' असे आहे, आणि स्वतःच्या सामुदायिक केंद्राला 'एवढ्यात नको'. पण ज्या ओढीने ही कल्पना निघाली, ती ओढ खरी आहे. आपल्या घरात मराठी ऐकू यावी, तीही आपल्याच माणसांची, यासाठी मनोरा लागत नाही. मंडळाच्या कपाटात पडलेल्या कॅसेट कोणी उतरवून देणार असेल, कोणाकडे चालू टेपरेकॉर्डर असेल, किंवा कोणाच्या घरी बोलायला तयार असलेले आजोबा असतील, तर त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावे. कॅसेटच्या फिती दर पावसाळ्यात थोड्या अधिक खराब होतात, आणि आजोबांचे वयही थांबत नाही.